नावांचं चाक

रिकाम्या वर्गात तनुजाबाईंनी पाचवीतल्या मैत्रीच्या नावापुढची फुली दाबली आणि डिजिटल फळ्यावरच्या रंगीत चाकातून तिची फोड नाहीशी झाली. शेजारच्या फोडी सरकून जरा ऐसपैस झाल्या. चाक पूर्वीइतकंच गोल होतं.

"तो सुखदेवही काढा. आणि खिडकीजवळ बसणारी ती दोघं," मागे उभे असलेले मुख्याध्यापक बद्रीनाथ सर म्हणाले. "खराडीहून फळ्याच्या कंपनीची माणसं येतायत. पसंत पडलं तर सगळ्या वर्गांना असे फळे मिळतील. त्यांना काय तुमच्या मैत्रीच्या एका वाक्यासाठी ताटकळत ठेवायचं?"

"सर, चाकात सगळ्यांची नावं असतात, असं मीच पोरांना सांगितलंय."

"मग उद्या घाला की परत. कुणी अडवलंय?"

बाईंनी तीही नावं काढली. स्वतःच्या बोटाची त्यांना शिसारी आली. पण बोट थांबलं नाही, हेही खरं.

पाचवीच्या त्या वर्गाला चाकाचं वेड होतं. चाक फिरवायचं आणि ज्याच्या नावावर ते थांबेल त्यानं उभं राहून उत्तर द्यायचं. एरवी हात वर करण्याच्या चढाओढीत मैत्रीचा कधी नंबरच लागायचा नाही. ती बोलताना अडखळायची, तोवर दुसरं कुणीतरी उत्तर ठोकून मोकळं व्हायचं. चाक आलं तेव्हा बाईंनी एक नियम केला. उभ्या राहिलेल्याचं वाक्य पुरं होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही, हाताची घडी घालून थांबायचं. मोठ्यांना जमत नाही ते पोरांना जमलं. आताशा मैत्री चाक फिरायला लागलं की उठायच्या तयारीत आधीच बाकाच्या कडेला सरकून बसायची.

प्रार्थना झाली आणि पाहुणे आले. कंपनीचे पृथ्वीराज सर आणि त्यांचा कॅमेरावाला. पृथ्वीराज सरांच्या टी-शर्टवर 'प्रत्येक मूल महत्त्वाचं' असं इंग्रजीत छापलेलं होतं.

"कुणाचंही नाव येऊ शकतं बरं का, सर," बद्रीनाथ सर म्हणाले. "वशिला नाही, आवडतं-नावडतं नाही. पारदर्शक कारभार."

हे बोलताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. इतकं गुळगुळीत खोटं ऐकून बाई फळ्याकडे वळल्या. त्यांनी चाक फिरवलं.

आयुषचं नाव आलं. त्यानं नद्या धडाधड म्हणून दाखवल्या. मग कल्याणी आली, तिनंही गड सर केला. टाळ्या झाल्या, फोटो झाले. मग पुन्हा आयुष.

"ऑसम!" पृथ्वीराज सर म्हणाले. "म्हणजे ॲक्च्युअली सगळीच मुलं हुशार आहेत!"

"आहेतच," बद्रीनाथ सर म्हणाले.

तिसऱ्या बाकावरची मैत्री, चाक थांबलं की मान तिरकी करून नावं वाचत होती. पहिल्यांदा घाईनं वाचली. दुसऱ्यांदा एकेक करून. मग ती बाकाच्या कडेवरून आत सरकली आणि भिंतीला टेकून बसली. बाईंनी ते पाहिलं आणि नजर फळ्याकडे वळवली.

"एक छोटा बाइट घेऊ या का?" पृथ्वीराज सरांनी वर्गावर नजर फिरवली. "एखादी मुलगी हवी. मुलगी असली की रिपोर्टमध्ये छान दिसतं. ती रिबिनवाली. बेटा, तू सांग. हे चाक तुला का आवडतं?"

त्यांचं बोट मैत्रीकडे होतं.

"अहो सर, ती जरा... आपण कल्याणीला घेऊ ना," बद्रीनाथ सर पुढे झाले. पण कॅमेरा वळला होता.

मैत्री उभी राहिली. "का... का... कारण च... च..."

वर्गानं हाताची घडी घातली. पाहुण्यांना नियम ठाऊक नव्हता. पृथ्वीराज सरांनी हसू चेहऱ्यावर थोडा वेळ धरून ठेवलं, मग मोबाइलवर वेळ बघितली.

"सो क्यूट! बास, बास, झालं आपलं काम," ते म्हणाले. मग कॅमेरावाल्याकडे वळून, "चेहरा मस्त आलाय. आवाज नंतर दुसऱ्या कुणाचा तरी टाकू."

"टाका की," बद्रीनाथ सर म्हणाले. "चला सर, ऑफिसात वडे गार होतायत." दारातून बाहेर पडताना त्यांनी बाईंना हलकेच सांगितलं, "निभावलंत हो."

थुंकावं असं बाईंना वाटलं. कुणावर, ते त्यांना नीट कळेना.

पाहुण्यांची पावलं जिन्यावरून खाली गेली. मैत्री अजून उभीच होती. तिचं वाक्य पुरं व्हायचं होतं. वर्गही घडी न सोडता बसला होता.

"...चाकाला घ... घाई नसते," मैत्री म्हणाली. "आणि त्यात स... सगळे असतात."

"छान. बस आता," बाई म्हणाल्या.

ती बसली नाही. तिनं फळ्याकडे बोट केलं.

"आज मी न... नाही. सुखदेव नाही. क... कुणी काढलं?"

सगळ्या वर्गानं फळ्याकडे पाहिलं. मग बाईंकडे.

"मी..." बाई म्हणाल्या. पुढचा शब्द येईना. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. "मी..."

पोरं हाताची घडी घालून बसली होती. कुणी बोललं नाही, कुणी हललं नाही. बाईंचं वाक्य पुरं व्हायचं होतं, आणि कुणालाच घाई नव्हती.