काटा लाल रेषेवर

जुनी गाडी हौसेनं घेतली, त्याला हा तिसरा उन्हाळा. रेडिएटर नवा बसवला, पंखा बदलला, पाण्याचा पंप बदलला, तरी चार किलोमीटर गेलं की काटा लाल रेषेवर आणि बॉनेटमधून वाफ. मेकॅनिकनं हात टेकले. बायको बसनं पुढे जायला लागली. "तुम्ही या मागून, वाफा काढत!"

शेवटी वैतागून तो आजींच्या दारात जाऊन उभा राहिला. नवरा गेल्यावर त्यांनीच ही गाडी त्याला विकली होती.

"आजी, डोकं फिरायची वेळ आलीय माझी. आजोबा उन्हाळ्यात ही गाडी थंड कशी ठेवायचे, तेवढं सांगा."

आजींना प्रश्नच कळेना. "उन्हाळ्यात? उन्हाळ्यात ते गाडी चालूच करायचे नाहीत."

"मग करायचे काय तिचं?"

आजी जरा लाजल्या. "घरात सासू-सासरे, दीर, जावा, नणंदा. दुपारी सगळे आडवे झाले, की आम्ही दोघं मागच्या शेडमध्ये जाऊन गाडीत बसायचो. काचा खाली करून बोलत राहायचो. आम्हाला वेगळी खोली नव्हती ना."