पहिल्या पेराएवढं

डॉक्टरांनी मलमाची रिकामी ट्यूब काट्यावर ठेवली, आकडा वाचला आणि मान हलवली. ट्यूब चोख संपली होती. पंधरा ग्रॅम, पंधरा दिवस, सकाळी बोटाच्या एका पेराएवढं आणि रात्री एका पेराएवढं. या डॉक्टरांची ही पद्धतच होती. कुणी लावतो म्हणून सांगतं आणि ट्यूब भरलेलीच असते, कुणी चार दिवसांत चोपडून संपवतं आणि दुसरी मागायला येतं. म्हणून ते प्रत्येकाला जुनी ट्यूब परत आणायला लावत आणि सोनारासारखी तोलून बघत.

"वापर अगदी बरोबर आहे," ते म्हणाले. "मग पोरीला फरक का नाही?"

समोर सासू आणि सून बसल्या होत्या. मधल्या स्टुलावर सुनेची पाच वर्षांची लेक, भिंगरी. हे तिचं घरातलं नाव, कारण एका जागी ती कधी टिकायची नाही. गेला महिनाभर मात्र ती गप्प गप्प झाली होती. कोपराच्या खळगीत आणि गुडघ्यामागे कातडी लालभडक, ओरबाडून ओरबाडून पाणी सुटलेली. आत्ताही तिची नखं चालूच होती. खर्र, खर्र. तो आवाज सुनेच्या थेट काळजात जात होता.

सून कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायची. मापात तिचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. मलमाची रात्रीची पाळी तिची. ती रोज न चुकता बोटावर मलम घ्यायची, टोकापासून पहिल्या पेरापर्यंत, ना कमी ना जास्त. आणि नळ सोडून बोट धुऊन टाकायची.

पहिली ट्यूब आणली त्याच दिवशी कारखान्यातल्या एका बाईनं तिला सांगितलं होतं, अगं, स्टेरॉइड आहे ते, कातडी कागदासारखी पातळ होते. तेव्हापासून पोरीला ते लावायला तिला धीर होईना. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणणार, डॉक्टर तू का ते? आणि सासूबाई म्हणजे औषधाच्या वेळांना घड्याळापेक्षा पक्क्या. "लावलंस का गं?" असं रोज झोपताना विचारणार म्हणजे विचारणारच. सकाळी त्या लावतातच, मग एका वेळेनं काय बिघडतं, अशी तिनं स्वतःची समजूत घालून घेतली होती. बिघडलं होतं हे आता डोळ्यांसमोर दिसत होतं.

"पहिली ट्यूब सौम्य होती, दुसरी तिच्याहून कडक," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही पूर्ण गेल्या. आता मलमावर भागणार नाही. पोटातून गोळ्या द्याव्या लागतील. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या असतात त्या, म्हणून दर पंधरवड्याला रक्त तपासायचं, लिव्हरवर लक्ष ठेवायचं."

त्यांनी कागद पुढे ओढला. सुनेनं पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. तो त्या तिसऱ्यांदा पुसत होत्या. पेन कागदावर चालायला लागलं. भिंगरी खाजवता खाजवता आळीपाळीनं दोघींच्या तोंडाकडे बघत होती.

रक्त. या एवढ्याशा दंडातून दर पंधरवड्याला रक्त. सुनेला खुर्चीत बसवेना.

"डॉक्टर, थांबा," ती म्हणाली. "लिहू नका. मी लावलेलंच नाही. रात्रीचं एकदाही नाही. मोजून घेत होते आणि बेसिनमध्ये सोडत होते."

पेन थांबलं. सुनेनं मान खाली घातली. आता शेजारून काय बरसतंय याची ती वाट बघत राहिली. काहीच बरसलं नाही. म्हणून तिनं बाजूला पाहिलं. सासूबाईंनी चष्मा मिटून मांडीवर ठेवला.

"तू रात्री लावतेस असंच मी धरून चालले होते," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "म्हटलं, स्टेरॉइड ते, सकाळचं तरी आपण टाकून द्यावं. पोरीच्या अंगात निम्मं तरी कमी जाईल."

रागवावं कुणी कुणावर, हेही दोघींना कळेना.

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे हिला अजून एकदाही औषध मिळालेलं नाही," ते म्हणाले, आणि अर्धा लिहिलेला कागद त्यांनी फाडून टाकला. "तुमची भीती अगदीच खोटी नाही. कुणाला न विचारता महिनोन्‌महिने तोंडाला चोपडणाऱ्यांची कातडी होते पातळ. म्हणून तर मी पेर सांगतो, दिवस सांगतो, मध्ये बोलावून बघतो. पण भीती वाटली तर ती मला सांगायची. बेसिनला नाही."

त्यांनी कपाटातून सौम्य मलमाची नवी ट्यूब काढली. टोपणाच्या टोकानं तोंड फोडलं आणि सुनेच्या बोटावर पांढरी रेघ ओढली, टोकापासून पहिल्या पेरापर्यंत. "एवढं तिच्या दोन्ही कोपरांना आणि गुडघ्यांमागे पुरवायचं. चोळायचं नाही, नुसतं पसरायचं. आत्ता, माझ्यासमोर."

सून भिंगरीपुढे गुडघ्यांवर बसली. "आण बघू हात."

भिंगरीनं हात पाठीमागे घेतला. आधी तिनं आजीकडे पाहिलं, मग आईकडे.

"मी नाही सांगितलं," ती म्हणाली. "आजीचं आईला नाही सांगितलं, आणि आईचं आजीला नाही."