जाकिटातली गोळी

“ही गोळी कुठे सापडली, बाई?” आरोपीच्या वकिलाने साक्षीच्या पिंजऱ्यातल्या वत्सलाबाईंना विचारले.

भरसभेत गोळी घालून मारलेल्या नगराध्यक्ष सरनोबतांच्या त्या पत्नी. इस्पितळाने नवऱ्याचे जाकीट त्यांच्याच हाती दिले होते. पोलिसांनी ते मागितलेही नाही. तेराव्यानंतर कपाटात ठेवताना अस्तरात काहीतरी कडक लागले, तशा त्या जाकीट घेऊन तडक ठाण्यात गेल्या. गोळी आरोपीच्याच पिस्तुलातली निघाली.

“पोलिसांना सापडली म्हणा, वहिनी,” सरकारी वकिलांनी सकाळीच बजावले होते. पण शपथेवर खोटे बोलणे बाईंना जमेना.

“मला सापडली. घरी.”

“म्हणजे इतके दिवस जाकीट तुमच्याच ताब्यात होतं. गोळी त्यात कुणीही घातली असेल!”

“माझ्या घरात त्याच्या पिस्तुलाची गोळी कुठून येणार हो?” बाई ओरडल्या. न्यायाधीशांनी त्यांनाच समज दिली.

निकालात गोळी आणि जाकीट, दोन्ही बाद ठरली. आरोपी सुटला. कोर्टाबाहेर गुलाल उधळला गेला.

बाई कारकुनाच्या टेबलापाशी गेल्या. “यांचं जाकीट तेवढं परत द्या.”

“आत्ता नाही देता येणार, काकू. सरकार अपिलात जाणार आहे. तोवर ते सांभाळून ठेवावं लागतं. पुरावा आहे ना तो.”

“पुरावा?” बाईंचा आवाज चिरकला. “मग इस्पितळात माझ्या हातात दिलं, तेव्हा काय होतं ते?”