टायमिंगची खूण

घरच्या जुन्या गाडीचं टायमिंग, म्हणजे इंजिनात ठिणगी पडण्याची वेळ, बसवताना चूक त्याच्याकडूनच होत होती, आणि दर वेळी तो बायकोवर खेकसत होता. ती बिचारी फक्त किल्ली फिरवत होती. शेवटचं खेकसला, तेव्हा मागे सासरे उभे होते. ते मान वळवून आत गेले. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इंजिन चालू ठेवून ती बॉनेटपाशी आली. "आता तरी बसतंय का?"

मान वर न करता त्याने टायमिंगचा लुकलुकता दिवा पुलीवर धरला. त्या उजेडात फिरती पुली थांबल्यासारखी दिसते; तोच उजेड बायकोच्या चेहऱ्यावरही पडत होता. त्याने ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर किंचित वळवला, तशी पुलीवरची पांढरी खूण बरोबर इंजिनवरच्या रेघेवर येऊन थांबली.

"जमलं," तो पुटपुटला. "आणि ऐक, चुकलं माझं. तुझ्यावर उगाच ओरडलो."

ती गप्पच. त्याने दिवा विझवला. पुली पुन्हा गरगर फिरताना दिसू लागली. बायकोची मात्र पापणीही लवत नव्हती.

"अगं, बोल ना काहीतरी."

त्याने धावत जाऊन इंजिन बंद केलं. इंजिनचा पंखा थांबला. त्याच्या वाऱ्याने उडालेले तिचे केस तसेच हवेत राहिले.