पुसलेली वाक्यं

मासे पाळणाऱ्यांच्या ऑनलाइन फोरमवरच्या शिव्या पुसणं, हे चिमीचं काम. पण हल्ली तिथून जे वाक्य पुसलं जायचं, तेच घटकाभरात तिची आई बोलायची, भाजी चिरता चिरता, मायेच्या आवाजात. परवा चिमीने ‘कानाखाली जाळ काढीन’ पुसलं, तर आईने खरंच काढला आणि मग स्वतःच हमसून रडली.

चिमीने पुसणं सोडलं. फोरमचा उकिरडा झाला.

आज कुणीतरी लिहिलं, ‘घरात शिरून गळा चिरीन.’ लोक चिमीवर तुटून पडले, “काढा ना ते! झोपलात का?”

“पाया पडते, राहू द्या,” तिने लिहिलं.

तेवढ्यात आजच रजेवरून परतलेल्या सोबतच्या मॉडरेटरचा निरोप आला, “ताई, मी काढलं. निर्धास्त राहा.”

स्वयंपाकघरात चिरण्याचा आवाज थांबला. चिमीने धावत जाऊन खोलीची कडी लावली.

“चिमे,” दाराबाहेरून आईचा रडवेला आवाज आला, “उघडू नकोस गं.”