सोन्याशेजारचा रंग

“इथपर्यंतच कापू?” सर्जननं पडद्यावरची नजर न काढता शेजारी उभ्या असलेल्या संशोधक बाईंना विचारलं.

टेबलावर भूल दिलेले तिचे सर होते. जिभेच्या कडेला कर्करोगाची गाठ. नुसत्या डोळ्यांना ती कुठे संपते ते कळेना, म्हणजे अर्धीअधिक जीभ काढणं आलं. पडद्यावर मात्र जेमतेम वाटाण्याएवढा ठिपका हिरवागार उजळला होता. बाकी सगळा काळोख.

तो उजेड तिच्या शोधाचा होता. गाठीला जाऊन चिकटणारे सोन्याचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांवर चढवलेला चमकणारा रंग. सोनं आधी स्कॅनमध्ये गाठ दाखवतं, रंग ऑपरेशनच्या कॅमेऱ्यात तिची कड. या जोडीवर सगळ्यांत कडक टीका केली होती ती याच सरांनी, तिच्या गुरूंनी. भर सभेत म्हणाले होते, “अगं, सोनं शेजारच्या रंगाचा उजेड गिळतं. पेटत्या दिव्यावर पातेलं पालथं घालतेस तू!”

ती इरेला पेटली. सोनं आणि रंग यांच्यामध्ये काचेचा पातळसा थर घालून पाहिला. रंग विझायचा थांबला, उलट भडकला. उंदरांच्या गाठी लख्ख दिसल्या. तरी सरांचं आपलं एकच, “उंदीर म्हणजे माणूस नव्हे.”

मग सरच आजारी पडले. पहिला रुग्ण व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा त्यांनीच संमतीपत्रावर सही केली. चला, पटलं एकदाचं, असं तिला वाटलं होतं.

“बाई, तुमच्या उजेडावर भरवसा ठेवू ना?” सर्जननं पुन्हा विचारलं.

चूक झाली तर रोग आतच राहणार होता. तिनं पुन्हा एकदा कड निरखली.

“ठेवा. इथपर्यंतच.”

तपासणीत उरलेली कड स्वच्छ निघाली. आठवड्यानं ती भेटायला गेली. सर उशीला टेकून बसले होते. आवाज जडावलेला, पण शब्द न् शब्द कळत होता.

“सर, शेवटी पटलं ना तुम्हाला?”

“आत्ता पटलं. सही करताना मुळीच नव्हतं.”

“मग केलीत कशाला?”

“पहिला माणूस भाबडा नको होता. फसलं असतं, तर कुठे फसलं ते तुला सांगणारा कुणी हवा ना?” सुजलेली जीभ सांभाळत सर हसले. “बोलता आलं नसतं, तर लिहून दिलं असतं.”