उशिरा विझणारा ठिपका

टॅब तपासायला मेघालीनं स्वतःच्याच बोटाचा व्हिडिओ काढला होता; तो तिनं पुन्हा मागं नेला. मोबाइलवर तो अगदी हळू चालत होता. बोट टॅबवर टेकलं. लाल ठिपका तसाच. अजून तसाच. मग विझला. हा स्वस्तातला टॅब दर वेळी सेकंदाचा पाचवा हिस्सा उशीर करत होता, आणि तो उशीर बोटाच्या माथी मारत होता.

गेल्या महिन्यात भिवंडीच्या यंत्रमागांच्या, म्हणजे लूमच्या, कारखान्यात तिच्या एम.ए.च्या प्रयोगाला पहिला बसला होता तो तिचा सख्खा मामा, नवशा. सव्वीस वर्षं लूम चालवणारा. ठिपका दिसला की बोट लावायचं, बोट लागलं की ठिपका विझतो, एवढंच काम; त्याला किती वेळ लागला ते टॅब मोजायचा. कॉलेजच्या मॅडम शेजारी उभ्या, मुकादम केसरीनाथ मागं. आकडे बघून मेघाली हुशारीत बोलून गेली, "मामा, हात मंदावला रे तुझा!" कारागीर खो खो हसले. दुसऱ्या दिवशी केसरीनाथनं मामाला लूमवरून काढलं आणि कोपऱ्यात कांड्यांवर सूत भरायला बसवलं.

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. इथं अंगण खरंच वाकडं निघालं, आणि नाचणाऱ्याचं हसं तिनंच केलं होतं.

सकाळी ती मान खाली घालूनच कारखान्यात शिरली. मामा कांड्या भरत होता. बाकीच्यांना कळू नये म्हणून ती त्याच्या कानाशी वाकली.

"मामा, तुझा हात बरोबर होता. टॅबच उशीर करत होता."

"ठाव हाय," मामा म्हणाला. "पयल्याच ठिपक्याला दिसलं. बोट टेकलं, आन् तो मागनं विझला. चालत्या लूमवर तुटला धागा दिसतो मला, ह्ये दिसनार न्हाय व्हय?"

"मग बोलला का नाहीस?"

"तुझ्या मॅडम व्हत्या ना बाजूला." त्यानं दुसरी कांडी चढवली. "चारचौघांत तुझं हसं कशाला करायचं?"

मेघाली ताठ उभी राहिली. डोळे पुसले, आणि लूमच्या खडखडाटावर आवाज चढवून तिनं हाक मारली, "केसरीनाथकाका! लूम बंद करा, सगळ्यांना बोलवा इकडं!"